फुगवटा

मराठी माणसाला थंडी वाजत नाही, तो थंडीनं मरतो. सोळा अंशांना मरतो, चौदाला मरतो, आणि मेल्यावर गरम भजी मागवतो. कालिंदी सबनीसचं हे मत फार जुनं होतं. अशी मतं पुष्कळांची असतात, ती माणसाबरोबर जातात. कालिंदीचं मात्र यंत्रात शिरलं आणि तिथं त्याचा नियम झाला.

यंत्राचं नाव हवाबोली. पहाडात हवामान मोजणं मुळातच अवघड. एका नाल्यात लख्ख ऊन असतं आणि पलीकडच्या नाल्यात बर्फ उडत असतो. दर वळणावर केंद्र बसवणं कुणाला परवडत नाही, आणि बसवलं तरी पहिल्याच हिमवादळात वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या गोठून गप्प होतात. तेव्हा कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं, की पहाडात यंत्रं नसली तरी माणसं आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. माणसांनीच सांगू दे. ज्याला जशी हवा जाणवते तशी त्यानं आपल्या भाषेत फोनला सांगायची. फोन शब्द घेतो, आवाजातला कंप घेतो, श्वास कुठं तुटला ते बघतो, जागा टिपतो. अशा हजारो बोलण्यांची बेरीज करून हवाबोली सांगते, अमुक वळणावर आत्ता वारा किती, थंडी किती, बर्फ केव्हा येणार. ती सांगेल तसे रस्ते बंद होतात, ती सांगेल तसे उघडतात. काही वर्षांतच जुनी केंद्रं दुरुस्त करायचंही कुणी मनावर घेईना.

अडचण एकच होती. माणसं अंशांत बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक भाषेचा एक फुगवटा ठरवावा लागला. म्हणजे ती भाषा खऱ्याला किती फुगवून सांगते, तो आकडा. त्यानं बोलणं भागायचं. इथला पहाडी शेतकरी थुंकी गोठेल अशा सकाळी म्हणतो, ‘‘आज जरा गार आहे.’’ त्याचा फुगवटा एकाच्याही खाली. हिंदीचा दोन. बंगाल्यांचा अडीच, ते दसऱ्यापासूनच कानटोपी घालतात. मराठीचा साडेतीन. देशात पहिला नंबर. कशात तरी आला.

मराठीचा आकडा ठरवला कालिंदीनं. हवामान खात्यात जन्म घालवून ती निवृत्त झाली होती, आणि नवरा गेल्यावर मिरजेला परतायचं सोडून हिमाचलातल्या या बारणू गावात दोन खोल्या घेऊन राहिली होती. गाव थंड होतं आणि गावातली माणसं कमी बोलत. तिला आणखी काही नको होतं. हवाबोलीच्या कंपनीची माणसं शोधत आली. एक अख्खा हिवाळा तिनं कानाला यंत्र लावून मराठी बोलणं ऐकलं आणि एकेका शब्दासमोर खरी थंडी मांडली. गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी. काकडलो, गोठलो, मेलो. ऐकता ऐकता ती स्वतःशी नाक मुरडायची. लोणावळ्याच्या धुक्यात ‘मेलो’, हॉटेलातल्या वातानुकूलित खोलीत ‘मेलो’.

तिचा स्वतःचा फुगवटा नेमका एक निघाला. सगळ्या मराठी मुलखात एक असलेली ही एकच बाई. कंपनीनं तिला मानाची काचेची पाटी दिली, ती कालिंदी लोणच्याच्या बरणीवरचं फडकं उडू नये म्हणून वापरायची. एक सवलतही दिली. बाकीच्यांचं बोलणं ते उभे असतील तेवढ्याच जागेपुरतं धरलं जाई. कालिंदीचं, ती नजरेनं बघू शकेल तिथवर. तिच्या गच्चीवरून थेट वरची जोत दिसायची. जोत म्हणजे खिंड. तिथून रस्ता पलीकडच्या खोऱ्यात उतरायचा.

खरी थंडी कालिंदीला आठवत होती, आणि ती इथली नव्हे, मिरजेचीच. पहाटे बंब पेटायचा, त्याच्या पत्र्याला पाठ लावून उभं राहायला बहिणींची भांडणं व्हायची. आई गालांना आमसुलाचं तेल चोळायची. ते इतकं कडक असायचं की गालापेक्षा तेलच जास्त बोचायचं. शाळेच्या वाटेवर तोंडातून वाफ निघाली की मुलं विडी ओढल्याचं सोंग करायची. ती मिरज आता राहिली नव्हती. पौषातसुद्धा पंखे गरगरत होते, स्वेटरवाल्यांनी दुकानं मिटली होती, आणि माणसं तिकीट काढून थंडी बघायला निघाली होती. ‘हिमानुभव’ म्हणे. सात दिवस, सहा रात्री, हाडं गोठवणारी थंडी, नाश्त्यासह.

त्याच हिमानुभवातून बेबी आली.

बेबी म्हणजे मंदाकिनी, कालिंदीची धाकटी बहीण. सत्तरी उलटली तरी सगळ्या गावाची बेबीच. जांभळ्या जाकिटांतल्या बायकांचा एक थवा बसमधून उतरला आणि त्यातलं एक जाकीट दोन्ही हात पसरून कालिंदीच्या दाराशी आलं.

‘‘अक्का! मेले गं! काय ही थंडी!’’

‘‘चार अंश आहे. ऊनही पडलंय. मेलेलं माणूस एवढं ओरडत नाही.’’

‘‘तू अजून तश्शीच.’’ बेबी हसून आत शिरली आणि शेगडीला चिकटून बसली. ‘‘बोटं बघ, निळी झालीत.’’

‘‘जाकिटाचा रंग लागलाय.’’

चहा होईपर्यंत बेबीनं प्रवासाची सगळी मरणं सांगितली. विमानात ती मेली, वळणावर मेली, गरम पाण्याच्या झऱ्यातही मेली, तिथं उकडून. मग कप दोन्ही हातांत धरून ज्यासाठी आली होती ते बोलली.

‘‘अक्का, चल ना मिरजेला. वरची खोली रिकामीच आहे. तुझंही कुणी नाही, माझाही मुलगा तिकडं परदेशात. दोघी राहू.’’

‘‘आणि रोज सकाळी उठून तुझं मरण ऐकू?’’

‘‘ऐकायला कुणी नाही म्हणून तर म्हणतेय.’’

कालिंदीनं विषय बदलायला हवाबोलीचं सांगितलं. मराठीचा आकडा आपण ठरवला, हे तिला सांगायला आवडायचं. बेबी कौतुकानं ऐकत होती.

‘‘अय्या! म्हणजे माझं ‘मेले’ किती अंशांचं धरलंस?’’

‘‘चौदा.’’

‘‘आणि ‘मेले गं बाई’?’’

‘‘साडेबारा.’’

बेबी खदखदून हसली. हसता हसता थांबली.

‘‘आई गेली तेव्हाही मी मेले म्हणाले होते, अक्का. ते कितीचं?’’

‘‘चहा घे. गार होईल.’’

‘‘किती अंशांनी?’’ बेबीनं विचारलं, आणि चहा तसाच ठेवून बायकांच्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळा थवा जोतीकडे निघाला. पलीकडे गोठलेला धबधबा होता, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे होते. बसला चालक नव्हता. ती आपली आपण चालायची, तेवढाच एक पगार वाचे. बरोबर होता मिहीर नावाचा एक व्यवस्थापक. त्याचं काम म्हणजे दर वळणावर ‘‘काय मंडळी, थंडी कशी आहे?’’ असं ओरडायचं, आणि बायकांनी ‘‘मेलो!’’ म्हणून कोरस धरायचा. हवाबोलीवर बोललं की गुण मिळत, आणि गुणांवर पुढच्या सहलीत सूट. त्यामुळे बायका अगदी मन लावून मरत होत्या.

दुपारी जोतीवर ढग उतरला. आधी शिखर गेलं, मग रस्त्याची रेघ गेली. गावात वारा नव्हता, पण वरून येणारा आवाज कालिंदीच्या ओळखीचा होता, दूर कुणी जाजम झटकावं तसा. फोन वाजला.

‘‘अक्का, मेले गं! बस अडकली. पुढं बर्फाचा ढीग आलाय आणि मागचंही दिसत नाही. बॅटरी गेली म्हणतो हा मिहीर. हीटर बंद झालाय. अक्का, खरंच मेले!’’

‘‘मदतीचा नंबर लावा.’’

‘‘लावला! सगळ्या लावतोय! ते म्हणतात, आपल्या भागात हवा सौम्य आहे.’’

कालिंदीनं हवाबोली उघडली. नकाशावर जोत हिरवी होती, म्हणजे रस्ता खुला. बायकांचा आरडाओरडा आत जात होता आणि साडेतीननं भागून बाहेर येत होता: गारवा, वाऱ्यासह. मदतीचा नंबरही हवाबोलीलाच जोडलेला. आणि कालिंदीनं, इतकी वर्षं वाऱ्याशी संसार केलेल्या बाईनं, काय केलं? तिनंही भागलं. बेबी म्हणजे बेबी. धडधाकट आवाजात ओरडतेय म्हणजे अंगात ऊब आहे.

‘‘दारं खिडक्या लावा, एकमेकींना धरून बसा. येईल गाडी,’’ असं म्हणून तिनं फोन ठेवला. शेगडीवर डाळ होती.

डाळ शिजली, जेवण झालं, आणि बेबीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज शांत होता. जरा जड, झोपेतून उठल्यासारखा.

‘‘अक्का, तुला सांगायचं राहिलं. आता बरं वाटतंय गं. उगाच घाबरले. थंडी नाहीच आहे. उकडतंयच थोडं.’’

‘‘कुठं आहेस?’’

‘‘बाहेर. मोकळं वाटतंय. जाकीट काढून ठेवलं. छान वाटतंय अगदी.’’

फोन बंद झाला.

कालिंदीनं आयुष्यात बहिणीच्या तोंडून ‘बरं वाटतंय’ ऐकलं नव्हतं. लग्नात नाही, बाळंतपणानंतर नाही, मुलगा शाळेत पहिला आला तेव्हाही नाही. तिच्या हातातलं ताट खाली पडलं.

थंडीनं माणूस मरतो तो असा. आधी शरीर कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि असलेली ऊब आत, काळजापाशी राखतं. तेव्हा माणूस कुडकुडतो, ओरडतो. ओरडतो तोवर ठीक आहे. पुढं त्या आवळून धरणाऱ्या स्नायूंचाच दम संपतो. ते सुटतात, आतलं उरलंसुरलं गरम रक्त कातडीकडे धावतं, आणि मेंदू आधीच मंदावलेला असतो. माणसाला उकडायला लागतं. तो कपडे काढतो. त्यानंतर फार वेळ उरत नाही.

कालिंदीनं फोनवर पाहिलं. बेबीनं हवाबोलीलाही तेच सांगितलं असणार; जोत नुसती हिरवी नव्हती, आणखी गडद हिरवी झाली होती. हवाबोलीचा हिशेब चोख होता. ज्या भाषेत बरं वाटतंय असं कुणी म्हणतच नाही, त्या भाषेत कुणी तसं म्हटलं तर तिथं खरोखरच बरं असणार. हा शहाणपणा यंत्राला कुणी शिकवला होता, हे कालिंदीला कुणी सांगायची गरज नव्हती.

बर्फावरून शक्य तितकं धावत ती जोतीच्या रस्त्यावरच्या नाक्यावर गेली. नाक्यावरचा अधिकारी ठाकूर, गोरा, गुटगुटीत माणूस, पडद्यासमोर बसून अक्रोड फोडत होता. मागच्या शेडमध्ये बर्फ कापणारी गाडी उभी होती.

‘‘ठाकुरसाब, गाडी काढा. जोतीवर बस आहे, बायका मरताहेत.’’

‘‘माताजी, बसा, श्वास घ्या. जोत तर हिरवी आहे.’’

‘‘पडदा मरू दे. खिडकीतून बघा!’’

ठाकूरनं खिडकीतून बघितलं. ढग होता. ‘‘ढग तर रोजच असतो,’’ तो म्हणाला. मग जरा ओशाळून, ‘‘माझ्या हातात काय आहे? लाल झाल्याशिवाय गाडीचं इंजिन सुरूच होत नाही. किल्ली हवाबोलीवाल्यांकडे. डिझेल वाचतं म्हणतात.’’

‘‘मग त्यांना फोन करा.’’

त्यानं केला. पलीकडच्या मुलीनं खालच्या शहरातून तोच पडदा बघितला आणि हिरवं आहे असं गोड आवाजात सांगितलं.

‘‘इथं दोन डोळ्यांची माणसं बसवली आहेत, ती अक्रोड फोडायला,’’ कालिंदी म्हणाली आणि बाहेर रस्त्यावर आली.

करण्यासारखं एकच होतं. ते तिला नाक्याच्या वाटेवरच कळलं होतं आणि ते टाळण्यासाठीच तिनं ठाकूरशी इतका वेळ घालवला होता. तिचा शब्द एकनं भागला जात होता, आणि नजर पोचेल तिथवर चालत होता. फक्त नजर पोचत नव्हती. समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं.

जे दिसलं नाही ते सांगायचं नाही. खात्यात पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट, आणि कालिंदीचा सगळा धर्म म्हणजे एवढाच. एका सहकाऱ्यानं पावसाळी पहाटे बाहेर न जाता खोलीत बसून आकडे भरले होते. ‘पांघरुणातला निरीक्षक’ असं नाव ठेवून तिनं त्याची बदली होईपर्यंत त्याला छळलं होतं, आणि तो गेल्यावर पेढे वाटले होते.

तिनं फोन तोंडाशी धरला.

‘‘कालिंदीताई, नमस्कार,’’ हवाबोली म्हणाली. ‘‘आपण सांगणार आहात ते आत्ता स्वतः पाहत आहात का?’’

‘‘हो.’’

‘‘काय दिसतंय?’’

‘‘जोतीवर बस दिसतेय. बंद पडलीय. बायका बाहेर आल्यात. कपडे काढताहेत.’’

‘‘तापमान?’’

‘‘उणे बावीस. वारा धरून आणखी खाली.’’

‘‘आपल्या आसपासच्या नोंदींशी हा आकडा जुळत नाही. कृपया आपल्या शब्दांत सांगा. कशी आहे थंडी?’’

कालिंदीनं तोंड उघडलं. शब्द आला नाही. दुसऱ्यांच्या शब्दांवर आकडे चिकटवण्यात जन्म गेलेला. स्वतःचा असा एक शब्द तिच्यापाशी नव्हता. वरून पुन्हा जाजम झटकल्याचा आवाज आला. त्या ढगात कुठंतरी बेबी बसली होती आणि तिला बरं वाटत होतं.

‘‘मेले!’’ कालिंदी ओरडली. ‘‘मेले रे देवा! मेल्या सगळ्या! अरे, बर्फात बसल्यात, गोठून मेल्या, धावा रे कुणीतरी! मेले मी, मेले!’’

ती इतकी किंचाळली की ठाकूर मांडीवरचे अक्रोड सांडून बाहेर पळत आला. कालिंदीचा आवाज कापत होता, फाटत होता. यंत्रानं तो कंप मोजला. कंप भीतीचा की थंडीचा, हे यंत्राला कळत नाही. त्यानं सगळं एकनं भागलं.

आत पडदा लाल झाला. शेडमधलं इंजिन घरघरलं.

ठाकूरबद्दल एक मात्र म्हटलं पाहिजे. गाडी हातात आल्यावर त्यानं ती अशी चालवली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे फवारे उडत होते. बस सापडली. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, बहुतेक बायका एकमेकींना बिलगून होत्या आणि शिव्या देत होत्या; त्या वाचल्या. मिहीर जागच्या जागी रडत होता, तोही वाचला. बसच्या मागं, वाऱ्यात, दोघी जणी भिंतीला टेकाव्यात तशा बर्फाला टेकून बसल्या होत्या. शेजारी जांभळी जाकिटं नीट घडी करून ठेवलेली. एक बेबी. दुसरी लीना दिघे नावाची साताऱ्याची निवृत्त शिक्षिका. लीनाबाई हसत होत्या, आणि त्यांना उचललं तेव्हाही ते हसू तसंच राहिलं.

खालच्या गावच्या इस्पितळात बेबीच्या डाव्या पायाची बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा लीनाबाईंचं विचारलं.  कालिंदी पलंगाशी बसून होती. पहिल्या फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतची डाळ तिच्या पोटात अजून तशीच होती.

तिथंच कंपनीचा फोन आला. पडद्यावर एक गुळगुळीत दाढीचा मुलगा, अद्वैत नाव, मागं हिरव्यागार कुंड्या.

‘‘कालिंदीताई, सर्वप्रथम तुमच्या धैर्याला सलाम. पण एक छोटीशी प्रक्रिया आहे. तुम्ही नाक्यावरून जोत पाहत होतात असं सांगितलंत, आणि त्या वेळी तिथं शून्य दृश्यमानता होती. म्हणजे ती नोंद, सॉरी, असत्य ठरते. तर नियमानुसार तुमचा वैयक्तिक फुगवटा नव्यानं काढावा लागला.’’

‘‘किती?’’

‘‘नऊ. मराठीत सध्या तो सर्वाधिक आहे.’’ हे त्यानं बक्षीस जाहीर करावं तसं सांगितलं. ‘‘आणि एक विनंती. तुमच्या भगिनींचं ते ‘बरं वाटतंय’ आम्हाला नमुना म्हणून हवंय. मराठीत तो फार दुर्मीळ आहे. तुम्ही पुन्हा आमच्यासोबत बसून ‘बरं’ या शब्दाचा आकडा ठरवून दिलात तर मानधन अर्थातच—’’

‘‘लीना दिघे,’’ कालिंदी म्हणाली.

‘‘हो, ते दुर्दैवी. पण प्रणालीच्या दृष्टीनं तो एक टोकाचा नमुना आहे. जोत परवापासून पुन्हा खुली करतोय. हिमानुभवचं पूर्ण बुकिंग आहे.’’

कालिंदीनं पलंगाकडे पाहिलं. बेबीनं डोळे उघडले होते आणि ती बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आता ही काय आकडा सांगते, असं बघत होती.

मिरजेच्या नळावर, त्यांच्या लहानपणी, पाण्याच्या रांगेत गंगू पैलवानीण म्हणून एक बाई असायची. कालिंदीच्या माहेरी तिचं नावही घेत नसत. कालिंदीनं घसा साफ केला, फोन तोंडाशी आणला, आणि त्या बाईला शोभेल अशा सुरात, इस्पितळाच्या साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

‘‘तुझा मुडदा बशिवला मेल्या! तुझ्या कंपनीला पटकी होवो, तुझ्या पडद्याला वाळवी लागो, आणि तुझा तो हिरवा रंग तुझ्या तिरडीखाली अंथरोत!’’

मुलानं आवाज कमी करायचं बटण शोधलं.

‘‘हे घे लिहून,’’ कालिंदी म्हणाली. ‘‘आणि नऊनं भाग. तुला एकट्याला पुरून उरेल, बाकीचं तुझ्या साहेबाला दे.’’